आधी कडी वाजवा!

फौजदारी कायद्यात एक कलम आहे. पोलिसाला कुणाला धरायला एखाद्या घरात शिरायचं असेल तर त्यानं आधी बाहेर उभं राहायचं. मी कोण ते सांगायचं. कशासाठी आलोय ते सांगायचं. दार उघडा म्हणून मागणी करायची. एवढं सगळं करूनही दार उघडलं नाही, आत जायला दुसरी वाटच उरली नाही, तर मगच दार फोडायचं. इंग्रजांच्या १८९८ च्या क्रिमिनल प्रोसिजर कोडात हे ४८ वं कलम होतं. १९७३ च्या कोडात ते ४७ वं झालं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात ते ४४ वं आहे. राज्य बदललं, झेंडा बदलला, नंबर बदलले. कलम तेच राहिलं. आणि महारवाड्याच्या, मांगवाड्याच्या, पारध्याच्या पालाच्या दारात त्या कलमाची सावलीसुद्धा पडली नाही, ही गोष्टही तीच राहिली.

मी होटगीचा. होटगी म्हणजे सोलापूरला लागून असलेलं रेल्वे जंक्शन. मुंबई-चेन्नई लाइनवरनं विजापूर-गदगची लाइन इथं फुटते. मराठी आणि कन्नड इथं एकाच तोंडात नांदतात. आमच्या पोरांना वाचता यायच्या आधी सिग्नल कळतो. स्टेशनाच्या बाहेर एक खांब असतो, त्याला होम सिग्नल म्हणतात. तो लाल असला की हजारो टनांची मालगाडी तिथंच थांबते. शिट्टी मारते. वाट बघते. आतनं परवानगी मिळाल्याशिवाय ती फलाटात पाय टाकत नाही. सरकारचं लोखंड सरकारच्याच स्टेशनात शिरताना परवानगी मागतं. सरकारचा बूट माझ्या घरात शिरताना मागत नाही.

का मागत नाही? हा सवाल आहे. पोलीस खातं अडाणी आहे म्हणून नाही. फौजदार होणाऱ्याला हे कलम पाठ करावं लागतं. त्यावर तो परीक्षा पास होतो. मग ते कलम तो कुठं विसरतो? गावात विसरत नाही. बंगल्यात विसरत नाही. वस्तीच्या तोंडाशी आला की विसरतो. विसरण्याची ही जागा ठरलेली आहे आणि ती जात बघून ठरलेली आहे.

आता गंमत बघा. बाहेर उभं राहायचं, आपण कोण ते आधी सांगायचं, आतनं कुणी येईपर्यंत थांबायचं ही रीत आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती. आमच्या बापजाद्यांची हयात त्यातच गेली. पाटलाच्या वाड्यापुढं महार उंबऱ्याच्या बाहेर उभा राहायचा. 'जोहार मायबाप' म्हणून आवाज द्यायचा. कुणी डोकावेपर्यंत उन्हात ताटकळायचा. भाकरी मागायला गेलेली येसकराची पोर दारातनं ओरडून आपण कोण ते सांगायची, मग वरनं तुकडा पडायचा. आधी ओळख सांगा, लांबनं सांगा, मोठ्यानं सांगा. आमच्यासाठी ही जातीची दंडसंहिता होती. ती मोडली तर पाठ सोलून निघायची.

आणि हाच येसकर गावाची वेस राखायचा. रात्री पहारा द्यायचा, सरकारी टपाल पुढच्या गावाला पोचवायचा, साहेबाच्या घोड्यापुढं धावायचा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात या वतनाच्या बेडीविरुद्ध बिल आणलं. ती वतनं कायद्यानं संपायला १९५० च्या दशकाची अखेर उजाडली. म्हणजे पिढ्यान् पिढ्या आम्ही गावाच्या दाराला पहारा दिला. आमच्या दाराला पहारा कुणी दिला? ज्यानं जन्मभर दुसऱ्याच्या दारात हाळी दिली त्याच्या दारात हाळी द्यायची म्हटलं की सरकारच्या तोंडाला कुलूप!

दुसरी गोष्ट विटाळाची. गावचा माणूस आमच्या घरात पाय ठेवत नव्हता. आमच्या हातचं पाणी त्याला चालत नव्हतं. पण त्याच्या अंगावर खाकी चढली की विटाळ गळून पडतो. बूट थेट चुलीपर्यंत जातो. काठी उतरंडीत जाते. पीठ-मिठाच्या डब्यात हात जातो. अस्पृश्यतेचं इतकं जलद निर्मूलन दुसऱ्या कुठल्या खात्यानं केलं असेल असं मला वाटत नाही.

एक मी पाहिलेलं सांगतो. ठाण्याचं नाव सांगत नाही. ठाणं बदललं तरी गोष्ट बदलत नाही. काही वर्षांमागं, रात्री दोन-अडीचच्या सुमाराला, आमच्या पत्र्याच्या दारावर आधी लाथ आली आणि मग उजेड आला. कोयंडा चौकटीतनं उखडला. आजी अंथरुणातनंच विचारत होती, 'यार्री? यार्री?' म्हणजे कोण हो, कोण आहे. म्हातारी एक अक्षर शिकलेली नव्हती, पण तिचा प्रश्न कायद्याला धरून होता. तो तिला विचारावाच लागू नये अशी कायद्याची तजवीज होती. उत्तर आलं, 'गप पड गं म्हातारे.' बॅटरी एकेकाच्या तोंडावर फिरली. बाया अंथरुणात होत्या, त्यांच्यावरही फिरली. ट्रंक उपडी झाली. रेशनकार्ड, दहावीचं सर्टिफिकेट, जातीचा दाखला, सगळं जमिनीवर. त्यांना हवा होता तो पोरगा आमच्या घरचा नव्हताच. 'घर चुकलं बे,' असं एक जण दुसऱ्याला म्हणाला आणि ते निघाले. पंच नाही. कागद नाही. छातीवर नावाची पट्टी नाही. आमचं घर चुकलं म्हणे!

सकाळी बिजागरी आणि कोयंडा मी बाजारातनं आणला. सरकारनं मोडलेलं दार आम्ही आमच्या पैशानं बसवलं. पण आजीनं त्या दिवसापासनं रात्री कडी लावायचं सोडलं. म्हणाली, 'लावली की मोडतात. मोडली की तूच पैसे घालतोस. राहू दे उघडं.' मित्रांनो, झडतीत काय सापडलं याची नोंद होते. झडतीनं काय नेलं याची नोंद कुठल्या पंचनाम्यात होते? त्या रात्री आमच्या घरातनं कडी लावायची हिंमत नेली. ती जप्तीच्या यादीत नाही.

आता कायदाच उघडून बघू. कारण आमच्यातले काही जण म्हणतात, कायदा चांगला आहे, अंमलबजावणी वाईट आहे. अर्धंच खरं आहे हे.

घरझडतीचं कलम घ्या. आधी ते १०० वं होतं, आता १०३ वं आहे. झडतीला त्या भागातले दोन किंवा जास्त 'स्वतंत्र आणि प्रतिष्ठित' रहिवासी पंच म्हणून बोलवायचे. त्यांच्यासमोर झडती घ्यायची, सापडलेल्या वस्तूंची यादी करायची, त्यावर त्यांच्या सह्या घ्यायच्या. घरच्या माणसाला झडतीला हजर राहू द्यायचं आणि यादीची प्रत त्याला द्यायची. चांगलं आहे. पण प्रतिष्ठित कोण? गावात प्रतिष्ठित म्हटलं की कुणाची नावं तोंडात येतात? ज्यानं आमच्यावर बहिष्कार घातला तो प्रतिष्ठित. ज्याच्या शेतातली मजुरी मागितली म्हणून आमच्यावर चोरीची फिर्याद झाली तो प्रतिष्ठित. वस्तीतला गवंडी, हमाल, रेल्वेचा गँगमन, विडी वळणारी बाई, यातलं कुणी प्रतिष्ठित नाही. कायद्यात जात लिहिलेली नाही हे खरं. पण शब्द असा निवडलाय की जात आपोआप येऊन त्यात बसते.

त्याहून भारी गोष्ट ४४ व्या कलमाच्या पोटात आहे. दार फोडायच्या आधी, आतल्या खोलीत रूढीनं लोकांसमोर न येणारी बाई असेल तर तिला आधी सूचना द्यायची, बाजूला व्हायला सवड द्यायची, मग शिरायचं. म्हणजे पडद्यातल्या बाईला, गोषातल्या बाईला सवड. आणि जी बाई दिवसभर खुरपणीला जाते, खडी फोडते, रेल्वेच्या यार्डात पोती उचलते, लोकांसमोर आल्याशिवाय जिची चूलच पेटत नाही, तिला? तिला सवड नाही. तिची लाज कायद्यानं धरलीच नाही. सरंजामी घरातल्या बायकांची अब्रू १८९८ साली लिहून ठेवली आणि २०२३ साली नवा कायदा करणाऱ्यांनी ती ओळ जशीच्या तशी उतरून काढली. सव्वाशे वर्षांत एकालाही वाटलं नाही की कष्टकरी बाईसुद्धा रात्री झोपते, तिचाही पदर ढळतो, तिलाही अंगावर काहीतरी ओढून घ्यायला क्षणभर लागतो.

आणि ज्या इंग्रजानं दार वाजवायचं कलम लिहिलं त्याच इंग्रजानं १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा लिहिला. इंग्लंडातल्या न्यायालयानं १६०४ सालीच सांगितलं होतं की माणसाचं घर हा त्याचा किल्ला, आणि राजाच्या शिपायानंसुद्धा दार फोडायच्या आधी आपण का आलो ते सांगून दार उघडायला सांगावं. तो किल्ला जहाजात बसून हिंदुस्थानात आला, पण तो काही दारांपुरताच. पारधी, कैकाडी, भामटा, मांग-गारुडी यांच्यासाठी आली ती हजेरी आणि तारेचं कुंपण. सोलापूरला वेगळं सांगायला नको. इथं सेटलमेंट होती. आजही शहरात त्या भागाचं नाव तेच आहे. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशभर रद्द झाला. पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि ठाण्यातल्या हवालदाराच्या डोक्यातली जुनी वही तशीच राहिली. कुठं घरफोडी झाली की आधी पालावर धाड. पालाला दार नसतं. मग कडी कुठं वाजवायची, असं हे विचारतात. अरे, तोंड आहे ना तुम्हाला? आवाज द्या की!

इथं बाबासाहेबांची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. जयंतीच्या भाषणांत ती कुणी सांगत नाही. १९४७ साली बाबासाहेबांनी घटना समितीसाठी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन लिहिलं. त्यातल्या मूलभूत हक्कांत त्यांनी घराचं नाव घेतलं. माणसाचं शरीर, त्याचं घर, त्याचे कागद, त्याच्या चीजवस्तू यांची अवाजवी झडती-जप्ती होता कामा नये आणि सबळ कारणाशिवाय वॉरंट निघता कामा नये, अशी ती मागणी होती. अमेरिकेच्या घटनेत हा हक्क आहे. आपल्याकडं उपसमितीत तो आलाही होता. तपासाला अडथळा येईल म्हणून बी. एन. राव आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी हरकत घेतली आणि तो गळाला. डिसेंबर १९४८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तेच कलम दुरुस्ती म्हणून घटना समितीत पुन्हा आणलं. बाबासाहेबांचं म्हणणं असं की ही तरतूद क्रिमिनल प्रोसिजर कोडात आहेच, पण व्यक्तीच्या स्वातंत्र्यासाठी ती कायदेमंडळाच्या हाताबाहेर नेऊन ठेवणं बरं. दुरुस्ती स्वीकारायला ते तयार होते. मसुदा समितीचा अध्यक्ष तयार होता, तरी मतदानात ती दुरुस्ती पडली.

हे ध्यानात घ्या. घटनेला दार बसवायला बाबासाहेब तयार होते. सभागृहानं बसवू दिलं नाही.

त्याचा परिणाम लगेच दिसला. १९५४ साली सुप्रीम कोर्टाच्या आठ न्यायमूर्तींनी म्हटलं की आपल्या घटनेत अमेरिकेसारखं कलम नाही, तेव्हा झडतीविरुद्ध तो हक्क मागता येणार नाही. १८ डिसेंबर १९६२ ला खडकसिंगचा निकाल आला. उत्तर प्रदेशातला हा माणूस, दरोड्याच्या आरोपातनं पुराव्याअभावी सुटलेला. तरी पोलिसांनी त्याची हिस्टरी शीट उघडली होती. रात्री-अपरात्री येऊन दार ठोकायचे, घरात शिरायचे, झोपेतनं उठवायचे. कोर्टानं रात्रीच्या या घरभेटींचा नियम रद्द केला. पण पाळत ठेवायचे बाकीचे नियम राहिले. आणि २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमुखानं सांगितलं की खाजगी आयुष्य हा मूलभूत हक्क आहे. १९४७ ला बाबासाहेबांनी लिहिलेलं कळायला सत्तर वर्षं लागली. कळलं ते दिल्लीला. होटगीच्या, परभणीच्या, नागपूरच्या गल्लीत ते अजून उतरायचंय.

नागपूरचं सांगतो. जून १९९३. लुटीच्या प्रकरणात पोलीस एकाला शोधत होते. रात्री एका घरी गेले, माणसाला बाहेर ओढून मारलं, ठाण्यात नेलं. लॉकअपमध्ये तो मेला. 'यशवंत विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावानं हा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. ४ सप्टेंबर २०१८ ला कोर्टानं पोलिसांची शिक्षा तीन वर्षांवरून सात वर्षांवर नेली. पंचवीस वर्षं लागली. दारातनं ओढून न्यायला पाच मिनिटं, त्याचा न्याय यायला पंचवीस वर्षं.

गोव्याचं सांगतो. २८ ऑगस्ट २०१८. भीमा कोरेगावच्या प्रकरणात पुणे पोलीस साखळीला आनंद तेलतुंबडे यांच्या घरी गेले. घरी कुणी नव्हतं. दुसरी किल्ली मागवून कुलूप काढलं आणि आत शिरले. घरच्यांनी डिचोलीच्या ठाण्यात तक्रार दिली. त्याच दिवशी देशात ठिकठिकाणी धाडी पडल्या, माणसं धरली. पंच कोण? पुण्याहून पोलिसांनी सोबत नेलेली माणसं. न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी आपल्या वेगळ्या निकालपत्रात यावर बोट ठेवलं, पण तो निकाल अल्पमतात गेला. तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० ला, म्हणजे जयंतीच्या दिवशी, स्वतः हजर झाले. हायकोर्टानं जामीन दिला तो नोव्हेंबर २०२२ मध्ये. मॅनेजमेंट कॉलेजात शिकवणारा प्राध्यापक, जगभर नाव असलेला लेखक. त्याच्या घराची ही गत. मग ज्याच्या घराला कुलूपच नाही त्याची काय गत?

आणि परभणी. १० डिसेंबर २०२४ ला स्टेशनाजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद झाला, जाळपोळ झाली. त्यानंतर पोलिसांनी वस्त्यांत कोंबिंग केलं. दारं तोडली, घरात शिरून बायाबापड्यांना मारलं, असं वस्तीतल्या लोकांनी चौकशीला आलेल्यांना सांगितलं. सोमनाथ सूर्यवंशी हा वडार समाजाचा, वकिलीचं शिक्षण घेणारा तरुण त्या धरपकडीत सापडला आणि १५ डिसेंबरला कोठडीत मेला. त्याच्या आईला गुन्हा नोंदवून घ्यायला कोर्टात जावं लागलं. औरंगाबाद खंडपीठानं ४ जुलै २०२५ ला तसा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं. ३० जुलैला तिथंही सरकार हरलं. संविधानाच्या प्रतिकृतीसाठी रस्त्यावर आलेल्या वस्तीवर संविधानच धाब्यावर बसवून धाड. याच्यापेक्षा उघडं नागडं चित्र कुठं मिळेल?

'कोंबिंग' म्हणजे काय? कंगवा फिरवणं. केसातल्या उवा काढायला कंगवा फिरवतात. आम्ही त्यांच्या लेखी कोण हे त्यांनीच शब्दात सांगितलंय.

पँथर हे नाव १९७२ साली मुंबईत घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्या पँथरांकडून. त्यांच्या दाराचंही ऐका. ४ डिसेंबर १९६९, शिकागो. पहाटे पावणेपाचच्या सुमाराला पोलीस फ्रेड हॅम्प्टनच्या घरात घुसले. तो एकवीस वर्षांचा होता. झोपेतच मारला. मार्क क्लार्कही मेला. पुढच्या चौकशीत निघालं की पोलिसांनी ऐंशीच्या वर गोळ्या झाडल्या, आतून झाडली गेली ती एक. आणि १३ मार्च २०२० ला लुईव्हिल गावात ब्रिओना टेलर. दवाखान्यात काम करणारी सव्वीस वर्षांची काळी पोरगी. मध्यरात्री साध्या वेषातले पोलीस दार फोडून आत आले. आतल्याला वाटलं चोर. गोळीबारात ती गेली. तिच्या घराचं वॉरंट 'न वाजवता शिरा' असं मंजूर झालं होतं. त्याच वर्षी त्या शहरानं अशा वॉरंटांवर बंदी घातली. ती पोरगी गेल्यावर. दार वाजवलं नाही की काय होतं ते यात आहे. आतल्याला बाहेरचा कोण ते कळत नाही. मग जीव जातो. आतल्याचा जातो, कधी बाहेरच्याचाही जाऊ शकतो. कडी वाजवणं हे पोलिसाच्याही भल्याचं आहे, पण हे त्याला सांगणार कोण?

साहेब लोक म्हणतात, आवाज दिला तर आरोपी पळतो, माल नाहीसा होतो. याचं उत्तर कायद्यातच आहे. कायदा तुम्हाला आदल्या दिवशी तार करायला सांगत नाही. घराला वेढा घाला, मागचं दार धरा, मग पुढच्या दारात नाव सांगा. उघडलं नाही तर फोडा. अधिकार आहे तुम्हाला. दहा-वीस सेकंदांचा सवाल आहे. आणि माल नाहीसा व्हायचंच म्हणाल तर तो कुठं लवकर होतो? बंगल्यात की झोपडीत? कोट्यवधींचा घोटाळा करणाऱ्याच्या घरी कागद जाळायला, फोन फोडायला वेळ मिळतो. तिथं तुम्ही बेल वाजवता, चपला बाहेर काढता, वकिलाला फोन करू देता. अमेरिकेतले पोलीस म्हणतात, माल संडासात टाकून पाणी सोडतील. आमच्या वस्तीत संडास सार्वजनिक आहे, तोही दोनशे पावलांवर, आणि त्याला पाणी नसतं. कुठं सोडणार माल?

खरी गोम वेगळी आहे. हे कलम मोडलं तर मोडणाऱ्याचं काहीच बिघडत नाही. सुप्रीम कोर्टानं १९७३ साली पूरनमलच्या खटल्यात ठरवलं की झडती बेकायदा असली तरी तेवढ्यावरून तिच्यात सापडलेला पुरावा बाद होत नाही. म्हणजे चुकीच्या वाटेनं आणलेला मालही सरकारच्या दुकानात खपतो. मग सरळ वाटेनं जाईल कोण? कायद्याला तोंड दिलंय, दात दिले नाहीत. म्हणून नुसतं 'कायदा पाळा' म्हणून अर्ज लिहिण्यात राम नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत. बेकायदा घुसून मिळवलेला पुरावा कोर्टानं फेकून द्यावा. घर चुकलं तर मोडलेल्या दाराची भरपाई खात्यानं आठ दिवसांत करावी आणि लेखी माफी मागावी. वस्तीतल्या झडतीला पंच वस्तीतलेच असावेत, त्यात एक बाई असावी. पडद्यातल्या बाईची ती सवड प्रत्येक बाईला मिळावी, रूढीचा शब्द काढून टाकावा. १०५ व्या कलमानं आता झडतीचं चित्रण सक्तीचं झालंय. ते मॅजिस्ट्रेटकडं पाठवायचं असं लिहिलंय, घरवाल्याला द्यायचं लिहिलेलं नाही. त्याची प्रत घरवाल्याला मिळावी.

मागण्या मान्य होतील तेव्हा होतील. तोवर वस्तीनं काय करायचं? वाचणाऱ्या पोरांनो, हे पाठ करा आणि न वाचणाऱ्यांना सांगा. दारात आलेल्याला विचारायचं: नाव काय, ठाणं कुठलं, कशासाठी आलात. धरायला येणाऱ्यानं नावाची स्पष्ट पट्टी लावायची हा कायदा आहे, ३६ वं कलम. वॉरंट असेल तर दाखवा. झडतीचं वॉरंट नसेल तर कारणं आधी लिहून काढायची असतात, १८५ वं कलम, ती लिहिली का ते विचारायचं. पंच कुठं आहेत? यादीची प्रत द्या. बाईला सूर्य मावळल्यावर आणि उगवायच्या आधी धरता येत नाही. अपवाद असलाच तर बाई पोलीस आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते. धरलं तर कारण सांगा. १९९६ च्या डी. के. बसू निकालाप्रमाणं अटकेचा कागद करा, त्यावर घरच्याची नाहीतर शेजाऱ्याची सही घ्या. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करा. आणि घरात घुसून जातीवरनं मारहाण, विटंबना झाली तर ॲट्रॉसिटीचा कायदा पोलिसालाही लागतो. त्या गुन्ह्यात सरकारी नोकराला किमान एक वर्ष आहे.

हे एकट्यानं विचारलं तर थोबाडीत बसते, हे मला माहीत आहे. एकट्यानं विचारूच नका. एका दारात बूट वाजला की दहा दारं उघडली पाहिजेत. दहा दिवे लागले पाहिजेत. अंगावर हात टाकायचा नाही, वाट अडवायची नाही, नुसतं उभं राहायचं आणि बघायचं. अंधारात घुसणारा उजेडाला भितो. दहा जण बघतायत म्हटल्यावर त्याला ४४ वं कलम आठवायला लागतं. आपणच आपले पंच व्हायचं. प्रतिष्ठा कुणी द्यायची वाट बघायची नाही.

आम्ही चोराला लपवा म्हणत नाही. चोरी आमच्याही घरी होते, आमच्याही पोरी पळवल्या जातात, आमच्यावरही हल्ले होतात. पोलीस आम्हालाही पाहिजेत. तेव्हा मात्र ते बोलावूनही येत नाहीत. न बोलावता येतात, आणि न वाजवता येतात.

म्हणून एवढंच सांगणं. घटना समितीनं जे दार बाबासाहेबांना बसवू दिलं नाही ते आता आम्ही बसवणार आहोत. पत्र्याचं असेल, फळ्यांचं असेल, गोणपाटाचं असेल, पण ते दार आहे. कोणीही असा, कितीही पट्ट्या खांद्यावर असोत. आधी कडी वाजवा. नाव सांगा. काम सांगा. कागद दाखवा.

मग दार आम्हीच उघडू.